लिंगपुष्टी शस्त्रक्रियेनंतरचे कपडे : रुग्णालयात नेण्याची पिशवी कशी भरावी?

रुग्ण, कुटुंबीय व काळजीवाहक यांच्यासाठी माहितीपत्रिका

शस्त्रक्रियेची तारीख निश्चित झाली की तपासण्या, कागदपत्रे, खर्चाची तजवीज आणि प्रवास यांकडे सर्वांचे लक्ष लागते. कपड्यांची पिशवी मात्र बहुधा आदल्या रात्री घाईघाईने भरली जाते आणि तीत रोजच्या वापरातील, नेहमीच्या मापाचेच कपडे ठेवले जातात. घरी जाण्याच्या दिवशी मग असे लक्षात येते की, टी-शर्ट डोक्यावरून घालता येत नाही, पँटची चेन सुजेवर दाबते, परकराची नाडी टाक्यांवर येते आणि लघवीची नळी कपड्यांतून कोठून बाहेर काढावी हेच उमगत नाही.

ही केवळ गैरसोय नव्हे. घट्ट कपड्यामुळे सुजलेल्या भागाचा रक्तपुरवठा अडू शकतो, घामाने ओलसर राहिलेल्या जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि कपड्यात अडकलेली नळी ओढली गेल्यास टाक्यांना इजा पोहोचू शकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे कपडे हा जखमेच्या शुश्रूषेचाच एक भाग समजावा.

पिशवी भरताना एक सूत्र लक्षात ठेवावे : रुग्णालयात दाखल होताना शरीर जसे असते त्याचा नव्हे, तर घरी परतताना ते जसे असेल त्याचा विचार करून कपडे निवडावेत. त्या दिवशी सूज असेल, पट्ट्या असतील, कदाचित एखादी नळी असेल, वाकणे व हात वर उचलणे कठीण जाईल.

आधी शल्यचिकित्सकांना विचारावयाचे प्रश्न

प्रत्येक शस्त्रक्रियेची पद्धत व प्रत्येक रुग्णालयाचे नियम वेगळे असतात. दाखल होण्यापूर्वीच्या भेटीत पुढील गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात.

• शरीराच्या कोणत्या भागावर पट्ट्या असतील? त्वचा अन्य ठिकाणाहून घेतली जाणार आहे काय?
• घरी जाताना ड्रेन (जखमेतील स्राव बाहेर नेणारी नळी) किंवा लघवीची नळी सोबत असेल काय?
• दाब देणारे विशेष जाकीट वापरावे लागेल काय? ते रुग्णालय देईल की विकत घ्यावे लागेल? त्याचे माप कोण घेणार?
• रुग्णालयात किती दिवस राहावे लागेल आणि त्यानंतर रुग्णालयाजवळ किती दिवस मुक्काम करावा लागेल?
• वॉर्डात स्वतःचे कपडे घालण्यास परवानगी केव्हापासून मिळेल?

सर्व शस्त्रक्रियांना लागू असलेले नियम

कापड : मऊ, धुतलेले सुती कापड सर्वांत उत्तम. मलमल किंवा सुती होजियरीचे कपडे घाम शोषतात व त्वचेला घासत नाहीत. खळ घातलेले कडक कापड, पॉलिस्टर, जरीकाम, टिकल्या व जाड शिवणीचे कपडे टाळावेत. नवा कपडा आणल्यास तो एकदा धुऊनच वापरावा आणि मानेजवळची चिठ्ठी कापून टाकावी. डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले कपडे आधी उन्हात टाकून त्यांचा वास घालवावा.

माप : नेहमीपेक्षा एक ते दोन मापे मोठे कपडे घ्यावेत. सूज उतरण्यास अनेक आठवडे लागू शकतात. तोवर नेमक्या मापाचे नवे कपडे शिवून घेण्याची घाई करू नये.

रचना : समोरून पूर्ण उघडणारे, मोठ्या बटणांचे किंवा बंदांचे कपडे सोयीचे असतात. ते घालण्यास हात वर करावे लागत नाहीत आणि परिचारिकेला जखम तपासताना पूर्ण कपडा उतरवावा लागत नाही.

रंग : आतील कपडे फिक्या रंगाचे असावेत, म्हणजे रक्तस्राव किंवा स्राव वाढल्यास तो लगेच दिसतो. बाहेरील कपडे गडद रंगाचे असल्यास डागांमुळे संकोच वाटत नाही.

पादत्राणे : न घसरणाऱ्या तळव्याची, वाकल्याविना पाय सरकवता येईल अशी सपाट चप्पल घ्यावी. नाडीचे बूट व उंच टाचांची पादत्राणे सोबत नेऊ नयेत.

या सर्वांसाठी नवी खरेदी करणे आवश्यक नाही. वारंवार धुतल्याने मऊ झालेले जुने सदरे, लुंगी, गाउन व सुती ओढण्या बरे होण्याच्या काळात नव्या कपड्यांपेक्षा अधिक सुखकर ठरतात. मात्र ते स्वच्छ असावेत व फाटलेले नसावेत.

शस्त्रक्रियेनुसार कपड्यांची निवड

छातीवरील स्तनऊती काढण्याची शस्त्रक्रिया

या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात खांद्याच्या वर उचलू नयेत, असे सांगितले जाते. म्हणून डोक्यावरून घालावयाचे टी-शर्ट, बनियन व झब्बे तूर्त बाजूला ठेवावेत. दोन मापे मोठा, समोर बटणे असलेला सुती सदरा सर्वांत सोयीचा.

ड्रेनच्या टोकाला स्राव साठविणारा छोटा फुगा किंवा डबी असते. ती स्वतःच्या वजनाने लोंबकळत ठेवू नये. सदऱ्याच्या आतील बाजूस, कमरेच्या थोडे वर, दोन्हीकडे एक एक रुमाल तीन बाजूंनी शिवल्यास उत्तम खिसे तयार होतात. सेफ्टी पिन वापरावयाची असल्यास ती डबीच्या पट्टीतूनच लावावी. नळीला टोचू नये.

शस्त्रक्रियेपूर्वी वापरत असलेला जुना बाइंडर शस्त्रक्रियेनंतर वापरू नये. दाब किती असावा, तो कोठे पडावा आणि किती आठवडे ठेवावा हे शल्यचिकित्सक ठरवितात. त्यांनी दिलेल्या जाकिटाखाली, परवानगी असल्यास, पातळ सुती बंडी घालावी व तिला चुणी पडू देऊ नये. जाकिटामुळे श्वास घेणे कठीण होत असल्यास किंवा बोटे बधिर होत असल्यास त्वरित कळवावे.

स्तनवर्धन शस्त्रक्रिया

येथेही समोरून उघडणारे कपडेच हवेत. ब्रा समोर हुक असलेली, तार नसलेली, रुंद पट्ट्यांची व मऊ असावी. तिचा प्रकार व माप शल्यचिकित्सकांना विचारूनच निश्चित करावे. साडीच्या ब्लाउजला पुढे हुक असले तरी तो अंगाला घट्ट बसतो व त्याची शिवण टाक्यांवर येते, म्हणून प्रारंभीच्या काळात तो योग्य नाही. साडीची आवड असणाऱ्यांनी पुढील तपासणीपर्यंत सैल, समोर बटणांचा कुडता व ओढणी वापरावी.

योनी-निर्मिती शस्त्रक्रिया

या शस्त्रक्रियेनंतर साधारणतः पहिला आठवडा लघवीची नळी असते आणि त्यानंतर काही आठवडे स्राव होत राहतो. जांघा व कंबर यांवर दाब न येणारे, भरपूर घेराचे कपडे लागतात : गाउन, सैल परकर किंवा लांब कुडता. सलवार वापरावयाची असल्यास नाडीऐवजी मऊ व सैल इलॅस्टिक असावे. जीन्स, लेगिंग्ज व चुडीदार नेऊ नयेत.

आतील चड्ड्या पूर्ण आकाराच्या, सुती व एक माप मोठ्या असाव्यात. स्रावासाठी सुगंधविरहित सॅनिटरी पॅड पुरेशा संख्येने घ्यावेत. योनीच्या आत ठेवावयाची टॅम्पॉन किंवा कप यांसारखी साधने वापरू नयेत. बसताना मध्ये पोकळी असलेली गोल उशी उपयोगी पडते; ती वापरावी की नाही हे डॉक्टरांना विचारावे. डायलेटरचा वापर सुरू झाल्यावर अंगाखाली घालण्यासाठी एक गडद चादर व त्याच कामासाठी राखून ठेवलेला स्वच्छ पंचा उपयोगी पडतो.

शिश्न-निर्मिती शस्त्रक्रिया

यात बहुधा हाताच्या पुढील भागाची किंवा मांडीची त्वचा घेतली जाते. त्यामुळे जखमा दोन ठिकाणी असतात. हाताची त्वचा घेतली असल्यास सदऱ्याची बाही जाड पट्टीवरून सहज जाईल एवढी रुंद असावी किंवा बाहीची शिवण उसवून तिला बंद लावून घ्यावेत. मांडीची त्वचा घेतली असल्यास लुंगी सर्वांत उत्तम.

नव्या अवयवाचा रक्तपुरवठा प्रारंभीच्या दिवसांत अत्यंत नाजूक असतो. परिचारिका तो वारंवार तपासतात. अवयव दुमडणार नाही, दबणार नाही आणि सांगितलेल्या स्थितीतच राहील, याची काळजी घ्यावी लागते. म्हणून डॉक्टरांनी सांगेपर्यंत घट्ट अंतर्वस्त्र वापरू नये.

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया

दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेतही बेंबीजवळ व पोटाच्या बाजूंना छोट्या जखमा असतात. पँटचा पट्टा, पायजम्याची नाडी व साडीच्या निऱ्या नेमक्या याच पट्ट्यात येतात. शक्य असल्यास कमरेला न बांधावे लागणारे कपडे घालावेत किंवा बेंबीच्या वर, सैल बसणाऱ्या इलॅस्टिकचा पायजमा निवडावा. लुंगी वापरताना गाठ पोटावर न मारता ती बाजूला, जखमांपासून दूर खोचावी.

चेहऱ्यावरील शस्त्रक्रिया

चेहरा, कपाळ किंवा गळ्यावर शस्त्रक्रिया झाली असल्यास डोक्यावरून काढावा लागणारा एकही कपडा नेऊ नये. उंच गळपट्टी टाळावी. प्रवासात ऊन व धूळ यांपासून संरक्षणासाठी मऊ सुती ओढणी किंवा उपरणे सैलसर घ्यावे. ते जखमेवर आवळून बांधू नये.

लघवीची नळी असताना

लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, परंतु जमिनीवर टेकू नये. नळीला पीळ पडल्यास लघवी अडते. गाउन किंवा लुंगी असल्यास नळी खालून सहज बाहेर येते. पायजमाच घालावयाचा असल्यास त्याची एका बाजूची शिवण गुडघ्यापासून खाली उसवून तेथे टिचबटणे लावावीत. चालताना पिशवी कमरेखाली धरता यावी यासाठी छोटी कापडी झोळी उपयोगी पडते.

कपडा रुग्णाच्या पसंतीचा असावा

रुग्णालयांच्या सूचनापत्रात अनेकदा सरसकट ‘समोरून उघडणारा गाउन आणावा’ असे लिहिलेले असते. छातीची किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या पुरुषाला स्त्रियांचा गाउन घालणे अतिशय क्लेशदायक वाटू शकते. त्याचप्रमाणे एखाद्या स्त्रीसाठी घरच्यांनी नकळत किंवा हट्टाने पुरुषी सदरा-पायजमा आणला, तर ज्या शरीरासाठी तिने इतकी वर्षे वाट पाहिली त्या शरीराने घरी परतण्याचा पहिला दिवसच अवमानाचा ठरतो.

येथे समजून घ्यावयाची गोष्ट अशी की, जखमेला गाउन नको असतो. तिला सैलपणा, हवा आणि सहज उघडणारा कपडा हवा असतो. हे तिन्ही गुण असलेले कपडे स्त्रियांच्याही वापरात आहेत आणि पुरुषांच्याही. गाउनचे काम लुंगी व मोठा सदरा करू शकतात; दक्षिणेकडील मुंडू किंवा समोर बटणे असलेला रात्रीचा सदराही करू शकतो. आधी कपड्याने कोणते काम करावयाचे आहे ते ठरवावे आणि मग तो कोणता असावा हे रुग्णालाच विचारावे. पिशवी भरण्याचे काम आई, भाऊ, जोडीदार, गुरू किंवा मित्र यांपैकी कोणीही करो. निवड रुग्णाची असावी.

शस्त्रक्रियागृहात मात्र रुग्णालयाचाच झगा घालावा लागतो. तो बहुधा पाठीमागे बंद असलेला असतो. कपडे बदलताना पडदा ओढून मिळावा आणि आपल्या नावाने व योग्य संबोधनाने हाक मारली जावी, अशी विनंती रुग्णाने निःसंकोचपणे करावी. वॉर्ड कोणता मिळेल याची चौकशी दाखल होण्यापूर्वीच करावी.

पिशवीत काय असावे?

रुग्णालयातील व त्यानंतरच्या जवळच्या मुक्कामातील सुमारे एका आठवड्यासाठी पुढील यादी पुरेशी ठरते. मुक्काम वाढणार असल्यास किंवा कपडे धुण्याची सोय नसल्यास संख्या वाढवावी.

• समोरून उघडणारे सैल सदरे, कुडते किंवा गाउन : ४
• लुंगी, परकर किंवा सैल पायजमे : ४
• सैल सुती अंतर्वस्त्रे, डॉक्टरांची परवानगी असल्यास : ८
• सुती मोजे : २ जोड
• शाल किंवा पातळ चादर : १
• मऊ पंचे : ३
• सॅनिटरी पॅड, आवश्यकतेनुसार
• छोटी मऊ उशी : १
• मळलेल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी : १
• घरी जाताना घालावयाचा जोड, वेगळा गुंडाळून ठेवलेला : १

शेवटचा जोड पिशवीत सर्वांत वर ठेवावा. प्रत्येक दिवसाचे कपडे एकत्र गुंडाळून ठेवल्यास काळजीवाहकाला शोधाशोध करावी लागत नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पायांत घालावयाचे दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितल्यासच व त्यांनी सांगितलेल्या मापाचेच घ्यावेत.

बांगड्या, अंगठ्या, नथ, कर्णभूषणे व गळ्यातील साखळ्या घरीच ठेवाव्यात. नखांचा रंग आधीच काढावा. बोटाला लावलेल्या यंत्राने प्राणवायूचे प्रमाण मोजताना त्याचा अडथळा होऊ शकतो.

कागदपत्रे कपड्यांत न ठेवता वेगळ्या पाकिटात ठेवावीत. ओळखपत्र, पूर्वीचे अहवाल व औषधांची यादी त्यात असावी. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ याच्या कलम १५ मध्ये लिंगपुष्टी शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार व समुपदेशन यांसंबंधी शासनाने करावयाच्या उपाययोजना नमूद आहेत. आयुष्मान भारत टीजी प्लस या योजनेत पात्र तृतीयपंथी व्यक्तींसाठी प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य संरक्षणाची तरतूद आहे. निवडलेले रुग्णालय व नियोजित शस्त्रक्रिया योजनेत समाविष्ट आहेत काय, याची खात्री दाखल होण्यापूर्वी करून घ्यावी.

घरी परतण्याचा प्रवास

अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या शहरात जावे लागते. प्रवासाला डॉक्टरांची अनुमती मिळाल्यानंतरच तिकीट काढावे. रेल्वेत खालचा बर्थ घ्यावा, कारण वर चढताना टाके ताणले जातात. वातानुकूलित डब्यात शाल जवळ ठेवावी. मोटारीत आसनपट्टा लावलाच पाहिजे. छाती किंवा पोटावरील जखमेला तो घासू नये म्हणून मध्ये छोटी मऊ उशी ठेवावी. लांबच्या प्रवासात सांगितल्याप्रमाणे अधूनमधून पावले हलवावीत व शक्य असल्यास थोडे चालावे. अंतर्वस्त्र व पॅड यांचा एक जोड हाताशी असलेल्या छोट्या पिशवीत ठेवावा. मोठी बॅग आसनाखाली गेली की ती वाकून काढणे रुग्णाला शक्य नसते.

कपड्यांची स्वच्छता

अंतर्वस्त्रे दररोज आणि ओलसर झाल्यास त्याआधीही बदलावीत. ती सौम्य साबणाने धुवावीत व साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावीत. आपल्याकडे अंतर्वस्त्रे दुसऱ्या कपड्याखाली झाकून, सावलीत वाळत घालण्याची सवय आहे. असे कपडे दमट राहतात. ती मोकळ्या उन्हात वाळवावीत. पावसाळ्यात किंवा किनारपट्टीच्या दमट हवेत ती पूर्ण वाळल्यावर गरम इस्त्री फिरवावी. ओलसर कपडा कधीही जखमेजवळ घालू नये. जखमेवर किंवा तिला लागणाऱ्या कपड्यावर पावडर, अत्तर, हळद अथवा तेल लावू नये.

डॉक्टरांशी त्वरित संपर्क केव्हा साधावा?

कपडे बदलण्याची वेळ ही शरीर पाहण्याचीही वेळ असते. पुढीलपैकी काहीही आढळल्यास पुढील तपासणीची वाट पाहू नये.

• पट्टी किंवा पॅड ताज्या रक्ताने झपाट्याने भिजणे
• एका बाजूला अचानक सूज वाढणे किंवा कपडा एकाएकी घट्ट होणे
• ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, जखमेभोवती वाढती लाली
• नव्या अवयवाचा किंवा स्तनाग्राचा रंग काळपट, निळसर वा पांढुरका होणे
• लघवी थांबणे किंवा नळी निघून येणे
• पोटरीत दुखणे व सूज येणे

छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही आणीबाणी समजावी. तत्काळ १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

या काळात मन खिन्न होणे, रडू येणे किंवा एकटेपणा वाटणे शक्य आहे. टेली-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसाच्या कोणत्याही वेळी बोलता येते.

थोडक्यात

कपडा सैल, सुती, स्वच्छ व समोरून उघडणारा असावा. तो टाक्यांवर दाबणारा नसावा आणि नळीला ओढणारा नसावा. तो रुग्णाने स्वतः निवडलेला असावा. पिशवी किमान एक आठवडा आधी भरावी आणि त्यातील एक जोड घरी एकदा घालून पाहावा : हात वर न उचलता, न वाकता व दुसऱ्याच्या थोड्याशा मदतीने तो घालता येतो काय? येत असल्यास पिशवी योग्य भरली आहे, असे समजावे.

ही पत्रिका सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या सूचना वेगळ्या असल्यास त्यांचेच पालन करावे.